थरथर काढलेली कॅसेट

चौसाळ्यात राहून गुरुलिंगअप्पांना ओळखत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याच्या दारात जनावर नाही एवढंच समजायचं. दावी, कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, पोळ्याचे गोंडे, सगळं त्यांच्या दुकानात मिळायचं. दुकान हायवेला लागून, मागं घर, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार, जे कधी लावलं जात नसे. अप्पांचा निम्मा धंदा त्या दारातून चालायचा. गिऱ्हाईक कासरा ताणून बघायचं, अप्पा मख्खासारखे त्याच्याकडं बघत बसायचे, आणि आतून, चुलीपासून, मल्लम्मा ओरडायची, "त्यो अंबाडीचा हाय दादा! ताणून काय बघायलास, बैल थकंल पर त्यो तुटायचा न्हाई!" गिऱ्हाईक हसायचं आणि कासरा घेऊन जायचं.

अप्पा काही मुके नव्हते. पण त्यांच्या वाटचं सगळं बोलणं मल्लम्मानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी आपल्याकडं घेतलं होतं, आणि अप्पांनी ते कधी परत मागितलं नव्हतं. कुणी विचारावं, "अप्पा, तब्येत कशी हाय?" तर आतून उत्तर यायचं, "बरी हाय, गुडघा तेवढा दुखायलाय." गुडघा अप्पांचाच असायचा. माणसं चेष्टा करायची, अप्पा गालात हसायचे. त्यांना ते बरं वाटायचं. आपल्याला काय होतंय हे आपल्या आधी कुणाला तरी कळतंय, याचं सुख काय असतं ते ज्याला मिळालं त्यालाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र होती. दिवसातून एकदा मल्लम्मा गप्प असायची. पहाटे अंघोळ करून ती देवघरात भिंतीला टेकून बसायची, गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर घ्यायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. त्या वेळी घराला आग लागली तरी तिला हाक मारायची नाही, असा त्यांच्यात दंडकच होता. पूजा आटोपली की ती चहा टाकायची, आणि चहाबरोबर तिचं बोलणंही उकळायला लागायचं.

त्या पौषात थंडी अंगात सुया टोचाव्यात तशी होती. अप्पा उठले तेव्हा मल्लम्मा देवघरात बसलेली होती. डोक्यावर पदर, तळव्यावर लिंग, डोळे अर्धे मिटलेले. अप्पांनी अंघोळ केली, आपली पूजा केली, भस्म लावलं. ती उठली नाही. आज जरा जास्त लागली समाधी, असं म्हणून त्यांनी जाऊन दुकान उघडलं. एक गिऱ्हाईक आलं, दावं घेऊन गेलं. मग एकजण घुंगरमाळ बघायला आला आणि जाता जाता गोंडे मागायला लागला. अप्पांना गोंडे सापडेनात. त्यांनी आत तोंड करून विचारलं, "अगं, गोंडे कुठं ठिवलेस?" उत्तर आलं नाही. दंडक मोडला म्हणून अप्पांनाच वाईट वाटलं. गिऱ्हाइकाला त्यांनी दुपारी ये म्हणून सांगितलं. ऊन दुकानाच्या पायरीवर आलं तरी चहा आला नाही, तेव्हा ते आत गेले आणि त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता. लिंग तळव्यावरून पडलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टर आले, नाडी बघितली आणि मान हलवली. गावाचं तर तोंड सुटलं. पूजेत बसल्या बसल्या लिंगैक्य झाली, किती पुण्याई, असं मरण मागून मिळत नाही. बायका तिच्या पायावर डोकं ठेवून जाऊ लागल्या. अप्पांना त्यातलं काही ऐकू येत होतं, काही नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती गेलेली असताना मी तिला गोंडे विचारले.

रडू काही आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात आणि पाय दुसऱ्याचा असल्यासारखा होतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. तिला अंघोळ घातली, भस्म लावलं, नवं लुगडं नेसवलं, बसती केली. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. बांबूचं, केळीच्या खांबांचं, झेंडूच्या माळांचं विमान करतात, त्यात बसवतात, आणि बसवूनच मातीत ठेवतात. वाटेत विमान दुकानासमोरच्या ओट्यावर टेकवलं, मठाच्या स्वामींनी आरती केली. अप्पा विमानाच्या मागं उभे होते. त्यांना नंतर आठवायचं ते इतकंच, की दोन्ही हातांनी बांबू धरला होता आणि मनात विचार चालू होता, गोंडे कुठं असतील. "दगड हाय माणूस," असं एक बाई दुसरीला म्हणाली, तेही त्यांनी ऐकलं. त्यांना ते पटलं.

हे सगळं कॅसेटमध्ये होतं. अप्पांची एकुलती एक लेक कावेरी सोलापूरकडं दिलेली, चार दिवसांची बाळंतीण, तिला येणं शक्य नव्हतं. म्हणून अप्पांचा पुतण्या योगीराज कॅमेरा घेऊन आला. योगीराज लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचा. त्या काळात लग्नात नवरा नसला तरी चाललं असतं, पण शूटिंगवाला नाही असं चालत नसे. गर्दीतून काही दिसेना, तेव्हा तो एका जीपच्या टपावर चढला. जीपवाल्यानं इंजिन काही बंद केलं नाही, कारण ती एकदा बंद पडली की ढकलल्याशिवाय चालू होत नव्हती, आणि मयताच्या गर्दीत जीप ढकला म्हणून कुणाला सांगायचं? जीप धडधडत राहिली, टप धडधडत राहिला, योगीराजही धडधडला आणि कॅमेराही.

कावेरीनं ती कॅसेट एकदाच लावली आणि परत पाठवून दिली. बघवत नाही म्हणाली. ती कपाटात पडून राहिली. वर्षाच्या पूजेला पाव्हणे जमले, जेवणं झाली, आणि योगीराजला हुक्की आली की सगळ्यांना कॅसेट दाखवावी. रंगीत टीव्हीसमोर माणसं बसली. दाराशी म्हाळू बसला होता. म्हाळू धनगर, मेंढरं घेऊन आष्टीच्या बाजूला हिंडणारा, परतीला अप्पांच्या पायरीवर बसून तंबाखू मळणारा. आरतीचा भाग आला आणि म्हाळू एकदम बोलला, "अप्पा, वैनी मान हलवायल्यात की!"

योगीराज चिडला. "आरं जीप चालू हुती बे! कॅमेरा हलायलाय, काकू न्हाई."

"असंल बाबा," म्हाळू म्हणाला. तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण माणूस भोळा, मनात आलं ते तोंडात. "आमचं मेंढरू बी गारठलं की मेल्यावानी पडतंय. नाडी बी लागत न्हाई. उबंला धरलं की उठून उभं ऱ्हातंय..." आणि मग त्याची जीभ त्याच्या दातांखाली आली. पण तोवर बोलून झालं होतं.

पाव्हणे गेले. कॅसेट अप्पांकडं राहिली. अप्पा ती लावायला शिकले. कोणतं बटण दाबलं की चालते, कोणतं दाबलं की मागं जाते, कोणतं दाबलं की थांबते. थांबवली की चित्राची चिंधी व्हायची, वर खाली पांढऱ्या रेघा यायच्या आणि मल्लम्माच्या जागी भस्माचा पांढरा ठिपका उरायचा. चालू ठेवली की सगळंच हलायचं. विमान हलायचं, केळीचे खांब हलायचे, स्वामी हलायचे, आणि मल्लम्माची मान हलायची. खाली, वर. कुणी काही विचारावं आणि तिनं हो म्हणावं तशी. त्यात जीपचं किती आणि तिचं किती, हे डोळ्यांना वेगळं काढता येईना.

प्रश्न साधा होता, आणि भयंकर होता. गेलेल्या बाईला मी सकाळभर जिती समजलो. मग त्याच दिवशी दुपारी आम्ही जित्या बाईला गेलेली समजलो नाही कशावरून? ज्यांच्यात जाळतात त्यांचं बरं असतं, राख झाली की शंकाही जळते. आपण तर बसवली. मीठ घातलं, बेल घातला, भस्म घातलं, माती लोटली. पहिली मूठ कुणाची होती? माझीच की.

खरं तर माणूस अशानं वेडा व्हायचा. अप्पा वेडेही झाले नाहीत. भीतीसुद्धा त्यांच्यापर्यंत पुरती पोचत नव्हती, भिंतीपलीकडं कुणीतरी बोलत असावं तशी नुसती ऐकू यायची. ते दुकान उघडत, दोर विकत, भाकरी खात. भाकरीला चव नसे. मधल्या दारातून आता आवाज येत नव्हता, आणि गिऱ्हाइकं कासरा ताणून बघत आणि ठेवून जात. कधी कधी संध्याकाळी ते समाधीपाशी जाऊन बसत आणि मातीवर तळवा टेकत. काय कळणार होतं तळव्याला? घरी येऊन पुन्हा कॅसेट लावत.

शेवटी योगीराज आला तेव्हा त्यांनी विचारलं, "यातली थरथर काढता येती का?"

"कावून अप्पा? कशाला पायजे तुमाला?"

"काढता येती का तेवढं सांग."

योगीराज त्यांना बीडला घेऊन गेला, वर्षाराणीकडं. वर्षाराणी औरंगाबादला कॉम्प्युटर शिकून आलेली, तिशीच्या आतली. बीडमध्ये तिचं मिक्सिंगचं दुकान. जिल्ह्यातल्या लग्नांच्या कॅसेटा तिच्याकडं यायच्या आणि सजून जायच्या. नवरी कमळातून उगवायची, नवरा हृदयातून डोकवायचा, सासरा उगाचच गोल गोल फिरायचा. हे सगळं करून ती कंटाळलेली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. तिनं कॅसेट लावून बघितली आणि म्हणाली, "हे लई खराब हाय. याच्यातनं काय काढायचं?"

अप्पा उभेच होते. त्यांनी सांगितलं, "मान हलती का कॅमेरा हलतो, तेवढं बघायचंय." मग कुणी न विचारता पुढचंही सांगितलं, देवघर, गार खांदा, म्हाळूचं मेंढरू, सगळं. इतकं सलग बोलताना योगीराजनं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. आवाज सपाट होता, बाजारभाव सांगावा तसा. वर्षाराणीनं खुर्ची पुढं सरकवली आणि त्यांना बसवलं. "पुढच्या आठवड्यात या अप्पा," एवढंच ती म्हणाली.

ते पुढच्या आठवड्यात गेले. तिनं आधी समजावून सांगितलं, कारण कशावर विश्वास ठेवायचा ते माणसाला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. "अप्पा, कडब्याच्या कुडातनं पलीकडं बघता का कधी तुमी? डोकं एका जागी ठिवलं तर काय दिसतं?"

"फटीत मावंल तेवढंच."

"आन डोकं इकडंतिकडं हलवलं तर?"

"मंग समदंच दिसतं."

"तसंच हाय हे. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. जीप हलायली म्हणून परतेक चित्र जरा जरा सरकलेलं हाय. एकात जे दिसलं न्हाई ते दुसऱ्यात दिसतं. मी काय केलं, विमानाच्या बांबूवर एक सुतळीची गाठ हाय, ती परतेक चित्रात एकाच जागी आणून बसवली, आन चित्रं एकावर एक ठिवली. जीपनं घाण केली म्हणून तुमी म्हणता, पर जीप हलली नसती तर एवढं साफ निघालंच नसतं. समद्या चित्रात तीच फट, आन तेच झाकलेलं." अप्पांना ते कळलं. कुडातून बघणं काय त्यांना नवं होतं?

"आता आधी नुसती थरथर काढलेली दाखवते," ती म्हणाली.

पडद्यावर विमान आलं आणि थांबलं. खरोखरच थांबलं. बांबू जागच्या जागी, केळीचे खांब जागच्या जागी. स्वामींचा हात तेवढा आरतीबरोबर फिरत होता, तो फिरणारच. इतके दिवस धडधडणारा तो ओटा एकदम घट्ट, जमिनीत रोवल्यासारखा दिसायला लागला. त्याच्या मधोमध मल्लम्मा बसली होती. आणि तिची मान हलत होती.

खाली, वर. बारीकशी.

योगीराजच्या तोंडून "आयला" असं काहीतरी निघालं. अप्पा पडद्याकडं बघत राहिले. ते म्हणाले, "हलायलीय."

"हलायलीय," वर्षाराणी म्हणाली. "मी बी घाबरलते अप्पा. म्हणून तर पुढचं केलं. बघा आता."

तिनं चेहऱ्यापाशी चित्र मोठं केलं आणि एकावर एक ठेवलेली चित्रं लावली. पांढऱ्या ठिपक्यातून हळूहळू कपाळ निघालं, कपाळावरच्या भस्माच्या आडव्या तीन रेघा निघाल्या, नाकातली चमकी निघाली. पापण्या मिटलेल्या होत्या, आणि त्या कुठल्याच चित्रात उघडत नव्हत्या. ओठांवर कुणीतरी चिकटवलेलं बेलाचं पान होतं, ते श्वासानं उडत नव्हतं. दीड वर्षानं अप्पांना आपली बायको दिसली. ती गेलेली होती. इतकी स्वच्छ गेलेली होती की त्यात शंकेला जागाच नव्हती.

"मंग मान?" योगीराजनं विचारलं.

वर्षाराणीनं चित्र थोडं बाजूला सरकवलं. कानाच्या मागं, पदराच्या खाली, झेंडूच्या दोन माळांच्या मध्ये, आजवर जिथं नुसती काळी सावली दिसायची तिथं बोटं होती. मागून कुणीतरी मान पुढं पडू नये म्हणून तळव्यात धरली होती. तिनं ती चित्रं एकामागून एक पुढं नेली, सावकाश. बोटं थरथरली, मग मान हलली. पुन्हा बोटं थरथरली, पुन्हा मान हलली. दर वेळी आधी बोटं.

"हा हात कुणाचाय?" ती हळूच म्हणाली. विमानाच्या मागं अप्पाच उभे दिसत होते, म्हणून तिला माहीत होतं, पण विचारणं भाग होतं.

अप्पांनी मांडीवरचा आपला हात उचलून बघितला. दोन्ही हात बांबूवर होते, असं ते दीड वर्ष समजून चालले होते. तिला आपण हातसुद्धा लावला नाही, आपण तिथं दोर विकणाऱ्या दगडासारखे उभे होतो, अशीच त्यांची खात्री होती. गावानं तसंच सांगितलं होतं, आणि आतून वेगळं सांगणारी तर गेली होती. आता पडद्यावर त्यांचाच हात त्यांना सांगत होता, की तू उभा नव्हतास रे, तू हादरत होतास. ज्या दुःखाची दीड वर्ष वाट बघितली ते येऊन गेलं होतं. त्याच दिवशी, भर आरतीत, हातातून.

"माझा हाय," ते म्हणाले.

योगीराजनं सुस्कारा सोडला. त्याला मोकळं वाटलं होतं, आणि मोकळं वाटलं की त्याला काम सुचायचं. "मंग ताई, जीपची थरथर काढली तशी ही बी काढून टाका. हात एका जागी बसवला की मान बी थांबती. कावेरीअक्काला पाठवायला बरं पडंल."

"काढता येईल," वर्षाराणी म्हणाली आणि तिनं अप्पांकडं बघितलं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "ती काढायची न्हाई."

चौसाळ्याला उतरले तेव्हा म्हाळू दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. आपण काय बोलून बसलो हे त्याला सहा महिने टोचत होतं, आणि अप्पा बीडला कशासाठी गेले हे त्याच्या कानावर आलं होतं. अप्पा कुलूप काढायला वाकले तसा तो उठून उभा राहिला. "अप्पा, काय निघालं? वैनी..."

"वैनी गेलतीच, म्हाळू. तुजा काय बी दोष न्हाई."

"मंग मान कशी काय हलायली?"

अप्पांच्या हातात किल्ली होती, ती कुलपात बसेना.

"तिची न्हाई हलली. मी हललो हुतो," ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी उतरत होतं, आणि ते पुसायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.